नेम

गेल्या वर्षी भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी मोबाइलवर बायबलचं एक अॅप घेतलं. रोज एक वचन, त्याखाली चार ओळींचं मनन आणि शेवटी 'आमेन' लिहिलेलं बटण. बटण दाबलं की वरचा आकडा एकानं वाढायचा. आज सलग सात दिवस, आज सलग वीस दिवस. एकदा तर मी रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना अंथरुणातून उठून बटण दाबलं होतं. वचन कोणतं होतं, देवाला ठाऊक. मला आकडा सांभाळायचा होता.

त्रेचाळिसावा दिवस म्हणजे ईस्टरच्या अगदी आधीच्या, दुःखसहनाच्या सप्ताहातला बुधवार. त्या रात्री नगरची आत्या गेली. आम्ही अकरा वाजता पुण्याहून निघालो. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सगळीकडे रस्ता रिकामा होता. आत्याच्या घरी मंडळीची, म्हणजे चर्चची, माणसं केव्हाची येऊन बसली होती. बाजाची पेटी काढलेली होती. एकामागून एक गीतं झाली, मध्येच कुणीतरी स्तोत्र 90 वाचलं, मग 23 वं सगळ्यांनी मिळून म्हटलं, मग पुन्हा गीत. पहाटे चारला कोरा चहा आला. गुरुवारी दफन झालं. संध्याकाळी लोक पांगल्यावर आम्ही घरातले तेवढे बसलो आणि धाकट्या आत्यानं प्रार्थना केली. तिचा आवाज मध्येच बंद पडला, तेव्हा ती राहिलेली प्रार्थना कुणी पूर्ण केली तेही आठवत नाही. गेल्या कित्येक वर्षांत एका दिवसात मी इतकी प्रार्थना केली नव्हती.

शुक्रवारी सकाळी अॅप उघडलं. आकडा शून्य. खाली हसऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'पुन्हा सुरुवात करा!'

मला हसू आलं आणि मग रागही आला. अॅप काढून टाकलं. पण त्या शून्यामुळे एक गोष्ट झाली. नगरच्या त्या घरात, पुढच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून बसलेली असताना मला आजोबांची संध्याकाळची प्रार्थना आठवली. तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून मी लहानपणी जितकी प्रार्थना केली असेल, तितकी दुसऱ्या कशासाठी केली नसेल.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना पाहिलं ते निवृत्त झाल्यावरच. घरी 'ज्ञानोदय' यायचा. 1842 साली सुरू झालेलं हे मासिक आपल्या घरात येतं याचा त्यांना असा अभिमान होता, की जणू पहिल्या अंकाची वर्गणी त्यांनीच भरली होती. संध्याकाळी मशिदीतली मगरिबची अजान झाली की आजोबा घसा खाकरायचे. तेच आमचं घड्याळ. सतरंजी अंथरायची, एक गीत, एक अध्याय, मग सगळ्यांनी गुडघे टेकायचे. आणि मग आजोबांची प्रार्थना.

ती रोज तीच असायची. आम्हा मुलांना क्रम पाठ होता. आधी उपकारस्तुती. मग देशाचे अधिकारी, 'राष्ट्रपती, पंतप्रधान व मुख्यमंत्री', कारण पौलानं तीमथ्याला तसं लिहिलंय. मग पाळकसाहेब आणि मंडळी. मग दुखणाईत, 'त्यांना तुझ्या जखमी हाताचा स्पर्श होऊ दे'. मग पाऊस. नगर जिल्ह्यात पाऊस वगळून प्रार्थना संपणं शक्यच नव्हतं. मग प्रवासात असणारे. आणि सगळ्यात शेवटी नातेवाईक, एकेकाचं नाव घेऊन. मुंबईची आत्या, सोलापूरचे मामा, त्यांची मुलं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. नवं बाळ जन्मलं की यादीत एक नाव वाढायचं. माणूस गेला की ते नाव गळायचं नाही, उपकारस्तुतीत पुढे सरकायचं. 'ऐक बापा' हे शब्द आले की आम्ही डोळे उघडायचो, कारण पुढे फक्त 'येशूच्या गोड नावाने मागतो, आमेन' एवढंच उरायचं. माझी बहीण 'ऐक बापा'च्या आधी किती श्वास होतात ते मोजायची.

यादीत एक नाव होतं आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. वाड्याच्या वाटणीवरून दोघांत अबोला होता. मी जन्मले त्याच्या आधीपासून होता आणि दोघंही जाईपर्यंत राहिला. कोर्टात केस. वाड्याच्या मधोमध पत्र्याची भिंत घातलेली. इकडच्या परातीत भाकरी थापटली तरी तिकडे ऐकू जायची. आजोबा प्रार्थना तर मोठ्यानं करायचे, मास्तरांचा आवाज. त्यामुळे धाकट्या आजोबांना रोज संध्याकाळी पत्र्याच्या पलीकडून आपलं नाव ऐकू यायचं. 'माझ्या धाकट्या भावाला आरोग्य दे, त्याच्या लेकराबाळांना सांभाळ.' आजी एकदा वैतागून म्हणाली होती, "तोंडावर बोलत नाही आणि देवाकडे चुगली करता रोज." आजोबा म्हणाले, "नाव यादीत आहे, मी काय करू?"

एकदा आजोबांना मलेरिया झाला. थंडी वाजून ताप, तीन गोधड्या. त्या संध्याकाळी प्रार्थना झाली नाही. आम्ही मुलं मनातून खूश. साडेसातच्या सुमाराला पलीकडचा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, दारात येऊन उभा राहिला. आमच्या दारात तो तसा कधी येत नसे. म्हणाला, "आजोबा विचारतायत, आज आवाज का नाही आला?"

आजीनं त्याला ताप असल्याचं सांगितलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. बस, एवढंच. कुणी पत्रा काढला नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. पुढच्याच महिन्यात दोघं भाऊ कोर्टाच्या तारखेला गेले, वेगवेगळ्या रिक्षांतून.

ही गोष्ट मी कॉलेजात असताना विनोद म्हणून सांगायचे. युथच्या शिबिरांत तेव्हा आम्हाला शिकवलं जायचं की प्रार्थना पाठ केलेली नसावी, मनापासून असावी. देवाशी मित्रासारखं बोला. रोज सकाळी 'शांतवेळ' घ्या, वही करा, देव तुमच्याशी काय बोलला ते लिहा. आजोबांची ठरावीक वाक्यांची प्रार्थना आमच्या लेखी नुसतं कर्मकांड होती, आणि हा शब्द तर शिवीसारखाच होता. पुरोगामी घरात 'अंधश्रद्धा' म्हणतात ना, तशी. शिबिरातून परत आलं की आठवडाभर माझी शांतवेळ भरून वाहायची. पुढच्या आठवड्यात मी देवाशी मित्रासारखी बोलायचे, म्हणजे जशी मित्रांशी बोलत होते तशीच. आठवण आली की.

नंतरची वीसेक वर्षं मी दर एक जानेवारीला नव्यानं लागायचे. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाचं कार्ड उचलायचं, ते फ्रिजवर लावायचं आणि सकाळपासून बायबल वाचायला घ्यायचं. आजोबांची पद्धत होती रोज तीन अध्याय, रविवारी पाच. बायबलचे एकूण 1,189 अध्याय त्या हिशेबानं वर्षात बसतात, वर दहाएक उरतात. रॉबर्ट मरे मॅकचेन या स्कॉटिश पाळकानं आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचं कोष्टक केलं, तेही 1842 मध्ये, म्हणजे आमच्या 'ज्ञानोदय'च्याच साली. मीही ते छापून घेतलं होतं. कोष्टकं उत्तम आहेत. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक तर कादंबरीसारखं पळतं, निर्गम अर्ध्यापर्यंत. मग निवासमंडपाची मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद, पडद्यांना बिरडी किती. आणि आजोबांच्या हिशेबानं जानेवारी संपतासंपता लेवीय लागतं. महारोगाच्या तपासणीचा तो तेरावा अध्याय आहे ना, तिथं माझ्या किमान नऊ वर्षांच्या संकल्पांची थडगी आहेत.

एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा अध्याय. दोन चुकले की नऊ. मग ते कर्ज वाढत जातं आणि सावकाराचं तोंड चुकवावं तसं मी बायबलचं तोंड चुकवायला लागते. हे चक्र कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मंडळीत विचारलं की सगळेच 'रोज वाचते' म्हणतात.

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. माळकरी. आळंदीची वारी गुडघे दुखायला लागल्यापासून बंद आहे, पण संध्याकाळी हरिपाठ चुकत नाही. ज्ञानोबांचे 27-28 अभंग, त्यांना वीस मिनिटं पुरतात. जिन्यात त्यांचा आवाज येतो. कधी कधी मध्येच फोन वाजतो, त्या उचलतात, 'हरिपाठ चाललाय, नंतर कर' म्हणतात आणि त्याच ओळीवरून पुढे जातात. आत्याच्या चाळिसाव्याहून आल्यावर मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, रोज मन लागतं का हो?"

त्या हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मन? मनाचं काय विचारतेस. नेम आहे तो. मन आलं तर येतं मागून."

नेम. इतका रोजचा शब्द, आणि आमच्या ख्रिस्ती बोलण्यात तो मी कधी ऐकला नव्हता. आम्ही 'शांतवेळ' म्हणतो, 'मनन' म्हणतो, 'वैयक्तिक भक्ती' म्हणतो. सगळे शब्द आत काहीतरी घडण्याबद्दलचे. काही घडलं नाही तर काय करायचं, याचं उत्तर त्यांत नाही. रेव्हरंड टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आम्ही त्यांची गीतं पेटीवर गात राहिलो, अभंगाची चाल घेतली, ओवी घेतली. नेम मात्र पुलाच्या अलीकडेच राहिला असावा.

म्हणजे आमच्याकडे तो नव्हताच असं नाही. शोधायला लागल्यावर जागोजागी सापडला. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकायचा, आणि राजाची बंदी आल्यावरही 'पूर्वीप्रमाणेच' टेकले, असं त्या पुस्तकात लिहिलंय. मला ते 'पूर्वीप्रमाणेच' फार आवडतं. बंदी मोडली म्हणून सिंहांपुढे टाकलं जाण्याआधी त्यानं काही खास प्रार्थना रचली नाही. 'डिडाखे' नावाची अगदी आरंभीच्या मंडळीची एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यात येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सरळ सांगितलंय. तिच्याच आधीच्या ओळीत आहे की इतर लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. सोमवार-गुरुवारच्या उपासांच्या गावात वाढलेल्या मला हे वाचून आपल्याच आळीतला कुणी तरी बोलतोय असं वाटलं.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले. दिवसा सात वेळा, रात्री एकदा प्रार्थना. घंटा झाली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून निघायचं. कडक माणूस असणार, असं वाटतं. पण त्याच नियमांत एक जागा आहे. रात्रीच्या प्रार्थनेतलं एक सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश, लांबवत म्हणावं, असं तो सांगतो. का, तर झोपेतून उठायला ज्यांना उशीर झालाय त्यांना ते संपायच्या आत येऊन पोचता यावं. हे वाचलं त्या दिवशी मी दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. नियम करतानाच ज्यानं माझ्यासारखीची सोय केली, त्याला नेमातलं काही तरी कळलं होतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? ऑफिसात माझ्या शेजारी वसईची एक मैत्रीण बसते. त्यांच्याकडे चर्चची घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजते आणि रात्री घरात रोझरी होते. ती सांगते, चर्चगेटला नोकरीला होते तेव्हा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही तरी चालायचं, रोझरी बोटांवर व्हायची. 59 मण्यांची माळ पर्समध्येच राहायची, गर्दीत काढणार कुठून. आम्ही प्रोटेस्टंट घरातले लोक माळेला थोडं हसायचो. ती बोरिवली यायच्या आत संपवायची.

केडगाव तर आमच्या पुणे जिल्ह्यातलंच. तिथं पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्या कामात गेली, आणि ते हातावेगळं होताहोता 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मी अनेकदा विचार करते, लेवीयचा तो तेरावा अध्याय त्यांनीही केला असणार. ओळ न ओळ. डाग पांढरा आहे का, केस पांढरा झालाय का, सात दिवस कोंडून ठेवा. घरात शेकडो मुली, दुष्काळातून आणलेल्या, त्यांचं जेवणखाण, दुखणी. आणि रोज उठून त्या दिवसाच्या वाट्याच्या ओळी.

आता माझं काय चाललंय ते सांगते. फार काही नाही. पाच वीसला उठते, दुधाची पिशवी आत घेते, बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. एक स्तोत्र वाचते, ओळीनं, कोष्टक नाही. मोठं असेल तर अर्धं. 119 वं आलं की पंधरा-वीस दिवसांची निश्चिंती. मग प्रभूची प्रार्थना. मग यादी. सगळं मिळून बारा मिनिटं, कारण पावणेसहाच्या पुढे पाणी जातं आणि टाकी भरायची असते.

चुकलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही, हा एकच नियम मी नव्यानं केलाय. तो मला मान्न्यावरून सुचला, म्हणजे अरण्यात इस्राएल लोकांना रोज आकाशातून मिळायचं त्या अन्नावरून. निर्गमात सांगितलंय की प्रत्येकानं त्या दिवसापुरतंच गोळा करायचं, माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. ज्यांनी उद्यासाठी म्हणून ठेवलं त्यांच्या साठ्यात किडे पडले. लहानपणी मला वाटायचं ही साठेबाजांना शिक्षा आहे. आता वाटतं, उलटंही खरं आहे. कालचं गोळा केलं नाही म्हणून आज दुप्पट उचलावं लागलं, असंही त्यात कुठं लिहिलेलं नाही. काल उपाशी राहिलात, झालं. आज आजचं घ्या. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' या 'रोजच्या'साठी जो ग्रीक शब्द आहे तो या प्रार्थनेबाहेर फारसा कुठं सापडत नाही आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर पंडितांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं आजची, कुणी म्हणतं येत्या दिवसाची. मराठीत 'भाकर' शब्द ज्यानं घातला त्याला मात्र मी मानते. पाव फडक्यात बांधून दोन दिवस ठेवता येतो. बाजरीची भाकर दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करूनच खावी लागते, आणि आई म्हणायची तसं, कालच्या भाकरीनं आजच्या हाताला वळण लागत नाही.

दहातल्या सात दिवशी मला काहीही वाटत नाही. खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं येतं, मनात डब्याला काय करायचं ते चालू असतं. यादीतली नावं मी हजेरी घेतल्यासारखी घेते. इथं शिबिरातल्या ताईंनी मला नक्की टोकलं असतं. पण मला तेव्हा तो पलीकडचा चुलतभाऊ दिसतो, दारात उभा राहिलेला. आजोबांचं मन त्या शेकडो संध्याकाळी भावाच्या नावावर लागत होतं का? मला नाही वाटत. वकिलाची फी, पुढची तारीख, पत्र्याचा गंज, हेच चालू असणार डोक्यात. आणि तरी ज्या दिवशी नाव आलं नाही त्या दिवशी पलीकडे कुणाला तरी चुकल्यासारखं झालं.

माझ्या यादीतही असं एक नाव आहे. माझी जाऊ. काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही, तिची बाजू वेगळी असणार. मी तिचं नाव सासूबाई आणि मुलाच्या शाळेच्या मधे बसवलंय आणि तिथून गाडी खड्ड्यातून काढावी तशी पटकन पुढे काढते. वर्ष झालं. वेग कमी झालेला नाही. पण गाळलेलंही नाही. एकदा फक्त तिचं नाव घेतलं आणि आठवलं की तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या आठवड्यात होतं. ते मी घातलं यादीत. फोन केला नाही.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात पहाटे पाणी प्यायला उठला, बाल्कनीच्या दारात उभा राहून अर्धवट झोपेत म्हणाला, "आई, आज मॅच आहे, ती पण सांग." मी म्हटलं, दुसऱ्या संघाची आईपण सांगत असेल. तो म्हणाला, "तू आधी सांग."

सांगितली. हरलो.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. मी पाच वीसला दूध आत घेतलं, खुर्चीवर बसले. स्तोत्र 88 आलं होतं, ते सगळंच अंधाराचं आहे, शेवटच्या शब्दापर्यंत. वाचलं. मग राष्ट्रपती, पंतप्रधान व मुख्यमंत्री.